जज्ज पेनिमन यांनी कचेरीखालचा गड घेतला त्याची हकीकत

हॅरोफर्ड गावची जाणती माणसे एकेक करोन टेकडीवरल्या दफनभूमीत कायमच्या मुक्कामास गेली, आणि मागे जी उरली ती नातवंडांस सांगतात की, जज्जसाहेब झेडॉक पेनिमन यांनी परगण्याचे ठाणे राखिले ते वक्तृत्वाच्या जोरावर राखिले. हे वर्तमान खरे नव्हे. वक्तृत्वाचा त्या दिवशी कोणास उपयोग नव्हता, आणि ज्या शत्रूशी गाठ होती तो ऐकून घेणारा नव्हता. सबब जे पाहिले ते पाहिले म्हणोन आणि जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन येथे लिहिले आहे. वाचणाऱ्यास हसू आल्यास त्याने हसावे, परंतु अविश्वास धरू नये.

राष्ट्र स्वतंत्र जाहल्याचे ते पन्नासावे साल. न्यू हॅम्पशायर प्रांती, डोंगरांच्या कुशीत आमचा परगणा, आणि हॅरोफर्ड हे त्याचे ठाणे. जज्जसाहेबांचे मूळ मॅसॅच्युसेट्सचे. तीर्थरूप वारले तेव्हा वाटणी जाहली. थोरल्यास मळा मिळाला, धाकट्यास गाय मिळाली, आणि मधल्या झेडॉकास एक कुऱ्हाड आणि आशीर्वाद मिळाला. मग त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकिली आणि उत्तरेस कूच केले, आणि ज्या मुलखात दर वसंतास बटाट्यांआधी धोंडे उगवतात त्या मुलखात रान तोडून घर बांधिले, आणि हिवाळ्यांत चुलीपाशी बसोन एका फाटक्या पुस्तकावरून कायदा शिकले. पुस्तकाची शेवटली चाळीस पाने उंदरांनी खाल्ली होती, म्हणोन जज्जसाहेब खटल्याच्या आरंभी फार खंबीर असत आणि अखेरीस थोडे चाचपडत, ऐसे वकील मंडळी म्हणत.

पुढे लोकांनी त्यांस खासदार करोन वॉशिंग्टनास रवाना केले. तेथे चिखल बहुत, आणि बोलणारे त्याहून बहुत. खासा स्वारी दोन हिवाळे त्या सभेत बसली, आणि एकदाच, टपालाच्या रस्त्यासंबंधी बोलण्यास उभी राहिली. घसा साफ केला, कागद उलगडिला, आणि अध्यक्षांनी त्या दिवसापुरती सभा बरखास्त केली. दुसरे दिवशी रस्त्याचा विषय मागे पडला. मुदत सरल्यावर लोकांनी दुसऱ्यास पाठविले. जज्जसाहेब घरी दाखल जाहले तेव्हा कातडी कमावणारा ओबेड स्लोकम, जो गावचा दफ्तरदार आणि गावचा टवाळ अशी दोन्ही पदे एकटा सांभाळीत असे, त्याने पुसिले, "काय केलंत हो तिथं दोन वर्षं?"

"ऐकलं," जज्जसाहेब म्हणाले.

मग त्यांस परगण्याची न्यायाधीशी मिळाली, आणि त्यांनी मनात आणिले की, वॉशिंग्टनातून हात हलवीत आलो, तर येथे काही तरी उभे करोन जावे. म्हणोन न्यायकचेरी बांधविली. पांढरी, दोन खिडक्या अधिक असलेली, आणि नदीच्या पुराचे पाणी शिरू नये म्हणोन ग्रॅनाइटच्या सोळा धोंड्यांवर कमरेइतकी उचललेली. घाई होती म्हणोन जमिनीस पाइनच्या ओल्या फळ्या घातल्या. पहिल्या उन्हाळ्यात फळ्या सुकल्या आणि त्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. जज्जसाहेबांनी फटींकडे पाहिले आणि हवा खेळती राहील ऐसे म्हणाले. कचेरीखालची ती जागा कोरडी, सावलीची आणि थंड. उन्हाळ्यात परगण्यात तिच्याहून सुखाची जागा नव्हती, ही गोष्ट सर्वांआधी डुकरांच्या ध्यानी आली.

आता पुढील प्रसंग कळावा म्हणोन दोन गोष्टी आधी लिहितो.

पहिली गोष्ट निकालाची. दोन वर्षांमागे गावचा कोतवाल एसा ट्रिप याने कोणा एकाचे मोकाट डुक्कर काठीने हाकलिले आणि ते बर्फावर घसरोन लंगडे जाहले. खटला उभा राहिला. जज्जसाहेबांनी अकरा पानी निकाल दिला की, शपथ घेतलेल्या डुक्कर-हवालदाराखेरीज कोणी परक्याच्या डुकरास हात, पाय अगर काठी लावू नये. त्या निकालाची नक्कल त्यांनी बोस्टनास पाठविली, आणि बोस्टनाहून पोच आली, ती पोच त्यांनी चौकटीत बसवोन भिंतीस लाविली.

दुसरी गोष्ट लग्नाची. पहिली बायको वारल्यास सात वर्षे लोटली होती. त्या साली फेब्रुवारीत, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, जज्जसाहेबांनी मेहिटेबल डोन नामे विधवेशी लग्न केले. बाईंचे वय एकावन्न, उंची जज्जसाहेबांहून दोन बोटे अधिक, आणि बाळगलेली चाळीस बदके त्यांचा शब्द मानीत. आणि त्या मुलखी दस्तूर ऐसा की, वर्षभरात ज्याचे लग्न जाहले त्यास मार्चच्या गावसभेने डुकरांची हवालदारी द्यावी. मोकाट डुकरांच्या नाकात वेसण आहे की नाही, गळ्यात लाकडी लोढणे आहे की नाही, हे पाहावे, नसल्यास त्यांस कोंडवाड्यात घालावे, हे त्याचे काम. मूळ हेतू थट्टेचा. घरात आपले चालण्याची आशा सरली, तर निदान डुकरांवर तरी नव्या नवऱ्याचे चालावे.

त्या साली गावात लग्न एकच जाहले होते.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सभा भरली, शेकोटीपाशी ओले बूट वाळत पडले, आणि ओबेड स्लोकम उभा राहोन म्हणाला, "डुक्कर-हवालदार म्हणून मी नाव सुचवतो, माननीय झेडॉक पेनिमन. नवा नवरा आहे, गुडघे अजून वाकतात, आणि डुकरांचा कायदा त्यांच्याएवढा कुणाला पाठ आहे?"

सभेने एका मुखाने होकार दिला. जज्जसाहेबांचा चेहरा प्रथम पांढरा आणि मग बिटासारखा जाहला. त्यांनी उभे राहोन जाहीर केले की, ज्या मनुष्याने राष्ट्राच्या सभेत आसन भोगिले त्यास ही जागा योग्य नाही, सबब आपण शपथ घेणार नाही, मार्चात नाही आणि पुढेही नाही. मग टोपी घातली आणि निघोन गेले. हवालदारी रिकामी राहिली.

मग उन्हाळा आला, आणि गनिमाने हालचाल केली. स्लोकमची डचेस नामे एक डुकरीण होती. अंगाने पिंपाएवढी, एक कान फाटका, आणि स्वभाव राजघराण्याचा. ती प्रथम कचेरीखाली शिरली आणि तेथे अकरा पिल्ले व्याली. तिच्यामागे नाना घरची सात डुकरे येऊन दाखल जाहली. एवंच एकोणीस. वर न्याय चाले आणि खाली त्यांचा दरबार चाले. साक्षीदार शपथ घेई की खरे तेच सांगेन, आणि खालून हुंकार येई, आणि पंच मंडळी छपरास पाहात बसत. एका वकिलाने एक तास भाषण करोन अखेरीस पुसिले की, याला उत्तर आहे का; उत्तर तत्काळ मिळाले. पिसवा फटींतून वर आल्या आणि त्यांनी फिर्यादी आणि आरोपी यांत भेद केला नाही. जज्जसाहेबांनी या सर्वांवर एकच उपाय योजिला, तो म्हणजे ऐकू न येणे.

तशात सप्टेंबरात बातमी आली. नदीपलीकडील न्यू कोरिंथ गावाने विटांची नवी कचेरी बांधिली होती, वर घंटा टांगिली होती, आणि प्रांताची राजधानी जे कॉन्कर्ड तेथील दरबारी अर्ज दिला होता की, हॅरोफर्डास कचेरी वर आणि डुकरे खाली, ऐसे असता राज्य कोणाचे हे कळत नाही. सबब परगण्याचे ठाणे आमच्याकडे द्यावे. दरबाराने कर्नल जॉथम रँडलेट आणि आणखी दोघे ऐसे तिघे पाहणीदार नेमिले, आणि ते शुक्रवारी दोन प्रहरी येऊन कचेरी पाहून निकाल करतील ऐसे ठरले.

जज्जसाहेबांस त्या रात्री झोप आली नाही. वॉशिंग्टनात त्यांच्या नावाचा एक शब्दही मागे राहिला नव्हता. ही कचेरी तेवढी त्यांची. ती गेली तर झेडॉक पेनिमन हा मनुष्य या परगण्यात येऊन काय करोन गेला, या प्रश्नास गावच्या पुढल्या पिढीपाशी उत्तर नव्हते, आणि त्यांच्यापाशीही नव्हते.

बुधवारी त्यांनी कोतवालास हुकूम केला की, खालचा मुलूख मोकळा करावा.

एसा ट्रिपने टोपी काढिली. "साहेब, हात लावू का?"

"नाही."

"पाय?"

"नाही."

"मग काठी तरी..."

"काठी निकालात आहे, एसा."

"आहे खरी. सातव्या पानावर आहे. मला पाठ आहे, माझ्यावरच होता ना तो." एसाने थोडा विचार केला. "ओरडण्याबद्दल मात्र तुम्ही काही लिहिलेलं नाहीत."

मग एसा ट्रिपने सकाळपासून माध्यान्हापर्यंत ओरडण्याची शर्थ केली, आणि त्याचा आवाज बसला, आणि डचेस कुशीवर वळली. मग स्लोकमास बोलाविले. तो मक्याची बादली घेऊन आला आणि त्याने गोड शब्दांनी आवाहन केले. डचेस निम्मी बाहेर आली, बादली साफ केली, आणि बाहेर आलेली निम्मी पुनः आत गेली.

"तुझी डुकरीण आहे ना?" जज्जसाहेबांनी पुसिले.

"माझी आहे. माझं ऐकते असं मी कधी म्हटलं?" स्लोकम बादलीत पाहात म्हणाला. "हे बघा जज्जसाहेब, कचेरी गेली तर माझी गिऱ्हाइकंही कोरिंथच्या वाटेला लागतील. मला काय त्याचं सुख आहे? पण तुमच्याच निकालाप्रमाणे या गावात हे काम एकच माणूस करू शकतो. आम्ही निवडलाय तो. चांगला आहे म्हणतात. जरा मानी आहे."

जज्जसाहेब घरी आले.

गुरुवारी सायंकाळी घेवड्याचे दाणे आणि काळी पाव-रोटी पुढे होती आणि जज्जसाहेब चमचा हातात धरोन बसले होते. निकाल फिरवावा, तर आपल्याच हातचे एकमेव शहाणपण आपल्याच हाताने पुसावे; निकाल राखावा, तर डुकरे राहतात; आणि शपथ घ्यावी, तर लोक हसतात. ऐसा तिन्ही बाजूंनी वेढा पडला होता.

मेहिटेबलबाईंनी विचारिले, "अहो, वॉशिंग्टनला तुम्हाला कुणी कधी एखादं काम सांगितलं होतं का?"

"नाही."

"आणि इथं सांगतायत, तर तुम्ही नको म्हणताय."

"ती थट्टा आहे, मेहिटेबल."

"आहेच. माझ्याशी लग्न केलं म्हणून झालेली थट्टा. म्हणजे निम्मी माझी. मला नाही बाई राग आला." बाईंनी त्यांच्या ताटात डुकराच्या मांसाचा खारा तुकडा वाढला, आणि तो पाहोन जज्जसाहेबांनी मान फिरविली. "आणि कचेरी कोरिंथला गेली, तर तुम्ही रोज सकाळपासून घरात असाल. माझा विचार आहे का कुणाला?"

जज्जसाहेबांनी चमचा खाली ठेविला. मग म्हणाले, "स्लोकम किती वाजता उठतो?"

शुक्रवारी नऊ वाजता कचेरीच्या पायऱ्यांवर शपथविधी जाहला. सारा गाव लोटला होता. बायकांनी कणकेचे हात तसेच घेऊन यावे, ऐसा प्रसंग. दफ्तरदार स्लोकमने चष्मा लाविला आणि जी शपथ मिनिटात सरते ती चवीचवीने वाचिली. "हात वर. तो नव्हे, उजवा. हं. मी, झेडॉक पेनिमन, या गावच्या डुकरांशी निष्ठेने आणि निःपक्षपातीपणाने..."

जज्जसाहेबांनी शब्दामागे शब्द उच्चारिला. कोणी हसले नाही. प्रत्येकाने हसू गालात कोंडले, आणि कित्येकांस त्याने ठसका लागला. मग स्लोकमने त्यांस वेसणीचा चिमटा आणि लोढणे दिले, आणि आपला कातड्याचा जाड अंगरखा काढून त्यांच्या गळ्यात बांधिला, आणि तो बांधताना प्रथमच हळू आवाजात बोलला. "फाटक्या कानाकडून जा. त्या बाजूनं तिला कमी ऐकू येतं."

मग खासा स्वारीने टोपी बाईंच्या हाती दिली, कमरबंदी केली, आणि गुडघ्यांवर होऊन कचेरीखाली प्रवेश केला. डाव्या आघाडीस कोतवाल एसा ट्रिप दोन्ही हात खिशांत घालोन, निकालाचे पालन करीत, उभा राहिला.

आत अंधार, आणि वास ऐसा की डोळ्यांस पाणी यावे. फटींतून उजेडाच्या रेघा पडत होत्या, आणि त्यांत जज्जसाहेबांनी जे पाहिले त्याने ते थक्क जाहले. सफरचंदांचे गाभे, मक्याच्या भाकरीचे कोर, चीजच्या साली, भोपळ्याच्या बिया. चौदा वर्षे पंच मंडळी खटला ऐकता ऐकता खात होती आणि उरलेसुरले फटींतून खाली सोडीत होती. गनिमास रसद खुद्द न्यायसभेतून पोचत होती, आणि फळ्या ओल्या घालण्याचा हुकूम कोणाचा होता हे जज्जसाहेबांस आठवले.

ते डचेसपासून चार हात अंतरावर आले, तोच डोक्यावर बुटांचा आवाज जाहला. न्यू कोरिंथच्या खाणावळीतले जेवण न सोसल्याने पाहणीदार दोन प्रहरांऐवजी सकाळीच येऊन दाखल जाहले होते. मेहिटेबलबाईंनी त्यांस आत नेले, सफरचंदाचे सारण भरलेले 'पाय' नामे पक्वान्न आणि सायडर, म्हणजे सफरचंदाचीच दारू, ऐसे पुढे ठेविले.

"जज्जसाहेब कुठे आहेत?" कर्नल रँडलेट पुसते जाहले.

"कामावर आहेत," बाई म्हणाल्या.

"कसल्या?"

"गावच्या."

त्याच समयी एका पिल्लाने जज्जसाहेबांच्या कोपरास तोंड लाविले, आणि जज्जसाहेबांच्या मुखातून एक शब्द निघाला, जो येथे लिहीत नाही. वर बोलणे थांबले. बूट चालत आले आणि बरोबर त्यांच्या माथ्यावर उभे राहिले.

"खाली कोण आहे?" कर्नल फटीतून म्हणाले.

जज्जसाहेब शेणामातीत पालथे पडले होते. गप्प राहिले असते, तर पाहणीदार काही वेळाने निघोन गेले असते, आणि ही गोष्ट कॉन्कर्डास कधीच कळली नसती. सुटकेचे दार उघडे होते.

"हॅरोफर्डचा डुक्कर-हवालदार," खालून आवाज आला. "शपथ घेतलेला."

"नाव?"

"झेडॉक पेनिमन."

"म्हणजे जज्ज पेनिमन?"

"ते वर बसतात," आवाज म्हणाला. "आत्ता मी खाली आहे."

कर्नल फटीवर वाकले होते ते सरळ जाहले. मग म्हणाले, "मग चालू द्या तुमचं," आणि पायचा दुसरा तुकडा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले.

मग हातघाई जाहली. प्रथम वेसणीचा हल्ला. तो मोडला, आणि चिमटा डचेसने दातांत धरोन दूर भिरकाविला. मग लोढण्याचा हल्ला. लोढणे जज्जसाहेबांच्याच गळ्यात आले. सरंजाम सरला. तेव्हा मेहिटेबलबाई बाहेर येऊन खिडकीखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, बदकांना मी कधी ढकलत नाही. पिल्लू उचललं की आई येते."

जज्जसाहेबांनी एक पिल्लू काखेत मारिले. पिल्लाने किंकाळी फोडिली ती कोरिंथास ऐकू गेली असेल. डचेस उठली, आणि ती उठली तेव्हा कचेरीच्या फळ्या हादरल्या आणि वर सायडर सांडली. जज्जसाहेब ज्या वेगाने मागे सरकत बाहेर आले तो वेग त्यांस त्रेसष्ट वर्षांत ठाऊक नव्हता. मग गावच्या मुख्य रस्त्याने खासा स्वारी निघाली. पुढे माजी खासदार, काखेत पिल्लू, गळ्यात लोढणे, कातडी अंगरखा वाऱ्यावर, मागे डचेस, तिच्यामागे दहा पिल्ले, त्यांच्यामागे सात डुकरे, काय चालले आहे हे न कळताही मागे राहणे बरे नव्हे म्हणोन, आणि धूळ ऐसी की देवळाचा मनोरा दिसेना. बायका दारात उभ्या, लोहार ऐरण सोडोन उभा. तिन्ही पाहणीदार खिडकीत, खांद्यास खांदा लावोन.

कोतवालाने धावत जाऊन कोंडवाड्याचे फाटक उघडिले, कारण फाटकास हात लावू नये ऐसे निकालात नव्हते. स्वारी आत शिरली, फौज आत शिरली, आणि कोतवालाने, हुकूम चोख पाळण्याची सवय असल्याने, फाटक बंद केले.

"एसा," जज्जसाहेब आतून म्हणाले, "मी अजून आत आहे."

"दिसतंय साहेब. बंद ठेवायचा हुकूम आहे."

मग सेनापतीने पिल्लू आईच्या हवाली करोन तह केला, आणि दगडी भिंतीवर चढून पलीकडे उतरला. विजारीची एक बाजू भिंतीवर राहिली. लोकांनी टोप्या उडविल्या.

कर्नल रँडलेट यांनी कचेरी पाहिली, फटी पाहिल्या, अकरा पानी निकाल मागवून वाचला, आणि शेणामातीने माखलेला जज्ज टेबलासमोर उभा असता म्हणाले, "मी सोळा परगणे पाहिलेत. निकाल सगळेच देतात. स्वतःचा निकाल स्वतःच्या गुडघ्यांवर घेणारा माणूस आज पाहिला. आणि लग्न झालं त्या वर्षी मीही होतो डुक्कर-हवालदार. माझ्या हाती तीनच सापडली होती." मग तिघांनी निकालपत्र लिहिले की, परगण्याचे ठाणे हॅरोफर्डासच राहावे, फळ्या बदलाव्या, आणि न्यू कोरिंथाने घंटा सुखाने वाजवावी. जज्जसाहेबांनी ते वाचिले, घडी घातली, आणि लोढणे काढण्याची कोणास तरी आज्ञा करावी ऐसे त्यांस सुचले. ते बाईंनी आधीच काढिले होते.

पुढील मार्चात गावसभा भरली. त्या साली गावात दोन लग्ने जाहली होती, आणि दोन तरुण लाजत बाकावर बसले होते. स्लोकम हवालदारीच्या जागेपाशी आला आणि नावे सुचविणार, तोच जज्ज पेनिमन उभे राहिले. घसा साफ केला. या खेपेस कोणी सभा बरखास्त केली नाही.

"सहा डुकरांना अजून लोढणी नाहीत," ते म्हणाले. "काम अर्धं राहिलंय. आणखी एक वर्ष मिळावं."

"पण दस्तूर नव्या नवऱ्यांचा आहे, जज्जसाहेब," स्लोकम म्हणाला.

मागे सभेच्या जेवणाच्या घेवड्याच्या मडक्यापाशी बसलेल्या बायकांतून मेहिटेबलबाईंचा आवाज आला. "अजून जुने नाही झालेत ते. मला विचारा."

सभा हसली, आणि मग हात वर जाहले, सारे. येणेप्रमाणे माननीय झेडॉक पेनिमन, माजी खासदार आणि परगण्याचे न्यायाधीश, मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, एकशे बारा विरुद्ध शून्य मतांनी, हॅरोफर्डचे डुक्कर-हवालदार म्हणोन दुसऱ्या खेपेस निवडून आले, आणि ओबेड स्लोकमने ते गावच्या वहीत आपल्या हाताने लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत जज्जसाहेब वहीपाशी उभे होते.